वासावरचा पव्वा

मी माझ्या नवऱ्याला कापसाच्या खोलीत कोंडलं होतं. बाहेरून कडी, कडीला कुलूप, किल्ली माझ्या पदराच्या गाठीत. आणि तो आत असताना मी तालुक्याच्या गावी जाऊन शाल-नारळ घेऊन आले. वाचून तुम्हाला राग आला तर येऊ द्या. मला स्वतःचा राग यायला चार-पाच दिवस लागले. तुम्ही माझ्यापेक्षा हुशारच असाल.

कार्यक्रम व्यसनमुक्तीचा होता. आर्णीतला एक हॉल, समोर खुर्च्या, खुर्च्यांवर शहरातल्या बाया आणि मागं सतरंजीवर आम्ही गावातल्या. माइकवर वकीलीणबाई. त्यांच्याच वावरात आम्ही राबायचो, त्यांच्याच गोदामाच्या बाजूच्या खोलीत राहायचो. त्यांनी माझा हात धरून मला वर ओढलं आणि म्हणाल्या, "ही आमच्या शेतावरची बाई. हिनं काय केलं माहितीये? दारुड्या नवऱ्याला सरळ कोंडून टाकलं! असंच करायला हवं. या लोकांना समजावून काही उपयोग नसतो. यांना धाक लागतो."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शाल अंगावरून घसरत होती, टाळी नीट बसेना, म्हणून शाल काखेत दाबून वाजवल्या.

'या लोकांना' म्हणजे कोणाला, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, माझ्या नवऱ्याला म्हणतात. मी त्या लोकांत कशी असेन? मी तर स्टेजवर! असं माझं डोकं होतं. माझी नात म्हणते, "आजी, तू तं लयच बयाड होती वं." 'होती' म्हणते, आता खुळी नाही असं धरते, हा तिचा मोठेपणा.

माझ्या नवऱ्याचं नाव नामदेव. तो होता तोवर मी कधी त्याचं नाव घेतलं नाही, 'शालूचे बाबा' म्हणत आले. आता घेते. आता कोणाचं भेव आहे?

नामदेव फवारणीवाला होता. आजूबाजूच्या चार गावांत त्याच्यासारखा पंप मारणारा नव्हता. कपाशीचं हिरवं बोंड दोन बोटांत दाबून सांगायचा, आत अळी आहे की नाही. फोडून पाहिलं तर असायचीच. ती बोंडअळीची वर्षं होती. बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेलं, अळी लागणार नाही, आणि वावरात बोंडागणिक गुलाबी अळी. मग काय, फवारा. आठ दिवसांनी परत फवारा. दोन औषधं एकत्र करा, तीन करा, पण फवारा. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, औषध वरून खाली तोंडावर यायचं. नोझल तुंबलं की नामदेव ते काढून तोंडानं फुंकायचा. सगळेच फुंकायचे. तोंड कडू जहर व्हायचं.

त्या कडू तोंडासाठी वकीलीणबाईंच्या नवऱ्याकडून, वकीलसाहेबांकडून, दारूचा पव्वा यायचा. 'वासावरचा पव्वा' म्हणत त्याला. फवारणीच्या दिवशी सकाळी पंप, औषधाची बाटली आणि पव्वा, तिन्ही साहेबांच्या ओट्यावर एका ओळीत मांडलेलं असायचं. औषधाचा वास डोक्यात चढला की दारूनं उतरतो, असं सगळे म्हणायचे. साहेब म्हणायचे, साहेबांच्या आधी त्यांचे वडील म्हणायचे. आम्हीही म्हणायचो. गड्याची काळजी घेणारा मालक म्हणून साहेबांचं नाव होतं. मीच विहिरीवर सांगायची, "आमचे साहेब तसे नाहीत बाप्पा, पव्व्याबिगर पंप उचलू देत नाहीत."

हे मी अभिमानानं सांगायची. लिहिताना आता हात जड होतो.

पहिल्या वर्षी नामदेव चूळ भरून थुंकायचा. दुसऱ्या वर्षी गिळायला लागला. नंतर फवारणी नसेल त्या दिवशीही लागायला लागली. मग दोन पव्वे. मग सकाळी, चहाच्या आधी. उठल्यावर त्याचे हात थरथरायचे, कपातला चहा बशीत न ओतताच बशीत पडायचा. दोन घोट पोटात गेले की हात थांबायचे. मी म्हणायची, "पाहा, नाटक! दारू दिसली का हात चांगले!" मला ते नाटक वाटायचं. दोनदा त्यानं स्वतःहून सोडली. आठ दिवस, दहा दिवस. घामानं भिजायचा, झोप नाही, अन्न नाही, चिडचिड. परत धरली. मी म्हणाले, याला सोडायचीच नाही. गावही तेच म्हणालं.

साहेबही प्यायचे, संध्याकाळी, काचेच्या ग्लासात, खारे काजू घेऊन. त्यांच्याकडं त्याला 'बसणं' म्हणत. आमच्याकडं 'पडणं'.

त्या हिवाळ्यात वकीलीणबाईंनी गावात बायांचं दारूबंदी मंडळ काढलं आणि मला अध्यक्ष केलं. सातवी पास होते ना मी! हातात वही, वहीत पेन, चपला घालून गल्लीतून फिरायची. दोन घरांसमोर उभं राहून बायांना भाषण दिलं, तर एक म्हातारी ओट्यावरून ओरडली, "अवं अध्यक्षीणबाई, तुया घरचा पहिले सुधार, मंग आमच्या घरी ये!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला ते लागलं. मी तिथंच बोलून बसले, "आठ दिवसांत याची नाही सुटली तर अध्यक्षपद सोडीन."

मला नवरा सुधारायचा नव्हता, मला पद वाचवायचं होतं. ही गोष्ट मी पुढं बरीच वर्षं स्वतःलाही सांगितली नाही.

गोदाम कापसानं भरलं होतं. भाव येईल म्हणून साहेबांनी कापूस विकला नव्हता, छतापर्यंत रचला होता. एक छोटी खोली अर्धी भरलेली. तिच्यातला कापूस तुडवून दाबायचा होता. सोमवारी दुपारी मी नामदेवला म्हणाले, "चाला, कापूस तुडवून घ्या, साहेबाचा निरोप हाये." तो आत गेला, कापसावर चढला, लहान पोरासारखा उड्या मारायला लागला. मी दार ओढलं आणि कुलूप घातलं.

आतून हसत म्हणाला, "दार काहून लावलं वं?"

मी म्हणाले, "आठ दिवस दारू बंद. भाकर खिडकीतून भेटन."

तो आणखी हसला. त्याला गंमत वाटली. बायको मस्करी करते असं वाटलं त्याला.

संध्याकाळी हसणं थांबलं. मग विनवण्या, मग शिव्या, मग परत विनवण्या. मी खिडकीच्या जाळीतून भाकरी, पाणी आणि बादली आत सरकवली. मंगळवारी सकाळी तांब्या हातात दिला तर हातातून निसटला. अंगरखा घामानं ओला. थंडीचे दिवस, आणि माणूस घामानं ओला. माझ्या डोळ्यांना दिसत होतं. डोक्यापर्यंत पोचलं नाही. मला कार्यक्रमाला जायचं होतं, बस चुकली असती.

शाल-नारळ घेऊन मी मंगळवारी संध्याकाळी परतले. बुधवारी सकाळी भाकरी घेऊन खिडकीशी गेले, तर तो कोपऱ्यात उभा. दोन्ही हातांनी अंग झटकत होता. छाती, दंड, मान.

"अळ्या," म्हणाला. "अंगावर अळ्या चढून राह्यल्या. पाह्य ना! गुलाबी."

आणि मी हसले.

कापूस घरात भरलेला असला की अंगाला खाज सुटते. आमच्या भागात हे पोरासोरांनाही माहीत आहे. कापसातले बारीक किडे चावतात, अंगावर पुरळ उठतं, रात्रंदिवस माणूस खाजवतो. त्या वर्षांत तर घराघरांत कापूस आणि घराघरांत खाज. शाळेत पोरं खाजवत, देवळात बाया खाजवत, ग्रामपंचायतीत सरपंच खाजवत बसलेले मी पाहिलेत. तेव्हा नामदेवला खाज सुटली, यात नवल काय? मी वाटीत खोबरेल तेल घेतलं, त्यात कापूर चुरला आणि जाळीतून वाटी आत दिली. "लावा अंगाले अन् पडा चुपचाप. साऱ्या गावाले सुटली खाज, तुमी काय एकलेच लाटसाहेब?"

वाटी त्याच्या हातून पडली. तेल कापसावर सांडलं. आणि मला काळजी कशाची, तर साहेबांच्या कापसाला डाग पडला त्याची!

त्या कापसात खरंच किडे असतील. पण नामदेवच्या अंगावर पुरळ नव्हतं. मी जाळीतून एकदा नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं. एक फोड नाही, एक लाल ठिपका नाही. त्याच्या अळ्या बाहेर नव्हत्याच.

दुपारी तीन-साडेतीनला मी परत गेले. तो कापसाच्या ढिगावर उभा होता. डावा हात खाली-वर, खाली-वर. उजवा हात पुढं करून डावीकडून उजवीकडं. पाठीवर पंप नव्हता आणि तो पंप मारत होता. एक ओळ संपली की वळायचा, दुसरी ओळ धरायचा. मध्येच थांबून काहीतरी तोंडाशी नेलं आणि फुंकलं. नोझल.

मी म्हणाले, "शालूचे बाबा?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. ओळख नव्हती डोळ्यांत. म्हणाला, "बाई, वारं उलटं हाये. तुमी बाजूले व्हा. डोळ्यात जाईन."

तेवढं बोलून तो आडवा झाला. अंग ताठ, दात घट्ट, तोंडातून फेस, पाय कापसात खडखड आपटत. आवाज येत नव्हता, कारण खाली कापूस होता.

पदराची गाठ दातांनी सोडून मी कुलूप उघडलं. गावात सगळ्यांत जवळचा रहीमभाई. पंप दुरुस्त करणारा मिस्त्री, त्याच्याकडं सामानाचा छोटा टेम्पो. त्यानं काही विचारलं नाही. नामदेवला पाहिलं आणि मागचा फाळका पाडला. "भाभी, डोकं मांडीवर धरा. तोंड बाजूला करा, श्वास अडकेल. बाकी मैं देखता हूं." यवतमाळ येईपर्यंत त्यानं एकदाही गाडी थांबवली नाही. वाटेत एवढंच म्हणाला, "काल मी दोनदा गोदामाशी आलो होतो. आतून आवाज येत होता. तुम्ही नव्हत्या. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला पडा." मग पुढची गाडी मागं टाकून म्हणाला, "पडायला पाहिजे होतं."

उशिराच्या कपाशीवर अजून फवारणी चालू होती, मोठ्या दवाखान्यात वॉर्ड फवारणीच्या माणसांनी भरला होता. विषबाधेचे. कोणाला दिसत नाही, कोणाला श्वास नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, "फवारणी कधी केली?" मी म्हणाले, महिना झाला. डॉक्टर थांबले, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. मग बाजूला उभी असलेली सिस्टर म्हणाली, "शेवटची दारू कधी घेतली होती?"

"सोमवारी दुपारी."

"बंद कोणी केली?"

"मीनं." अजूनही माझा आवाज ताठ होता. अंगावर ती शाल होती, थंडीची घाईघाईत ओढून घेतलेली.

"कशी?"

"कोंडून."

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलंही नाही. इंजेक्शन भरलं, सलाईनच्या आधी एक दिलं, मग सलाईन लावलं, त्याचे हात पट्टीनं हळू बांधले, पडू नये म्हणून. रागावली असती तर मी भांडले असते. भांडायला मी पक्की. तिनं मला भांडायला जागाच ठेवली नाही.

एक खाट रिकामी झाली ती नामदेवला मिळाली. बाजूला एका बाईचा भाऊ खाली गादीवर होता, फवारणीचा. ती बाई मला ऐकू जाईल असं बोलली, "बेवड्याले खाट, अन् कामानं पडलेला माणूस खाली." मी मान खाली घातली. मला म्हणायचं होतं, बाई, हाही कामानंच पडला आहे. पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. शब्द आज सुचतात.

तिसऱ्या दिवशी नामदेव शांत झोपला. सिस्टर माझ्याजवळ बाकावर बसली. झरीकडची कोलाम आदिवासी पोरगी, वय माझ्या शालूएवढं. हातात कागद. म्हणाली, "मावशी, मी इचारते, तुमी खरं सांगा. लाजू नका, हे पोलिसांचं नाही."

पहिल्यापेक्षा जास्त लागायची का, तेवढ्याच नशेला? हो. ठरवलं एवढीच घ्यायची, आणि त्याच्या पुढं जायचं? हो. सोडायची खटपट केली होती का? दोनदा. सोडली की हात थरथर, घाम, झोप नाही? हो. सकाळी उठल्या उठल्या लागायची? हो. त्यापायी काम बुडालं, घरात भांडणं झाली, तरी सुटली नाही? हो. नसेल तेव्हाही मन तिच्याकडंच ओढायचं? हो, वो माय, हो.

प्रत्येक 'हो'ला ती कागदावर खूण करत होती. मी तिच्या पेनाकडं पाहत होते. ज्या ज्या गोष्टीसाठी मी नामदेवला नाटक्या म्हटलं, मस्तवाल म्हटलं, ती एकेक गोष्ट त्या कागदावर आधीपासून छापलेली होती. कोणीतरी, कुठंतरी, आमचं घर न पाहता, नामदेवचं दुखणं छापून ठेवलं होतं. आणि मी, त्याच्या शेजारी झोपणारी, मला दिसलं नाही.

"हे दुखणं हाये?" मी म्हणाले.

"दुखणंच हाये. शरीराले सवय झाली, मेंदूले सवय झाली. एवढ्या दिवसांची दारू एकदम तोडली का मेंदू बिथरते. झटके येतात. नसलेले किडे दिसतात, नसलेले काम हात करतात. माणूस मरू बी शकते. कोणाची तोडायची असली तं इथं आणा. औषधावर हळूहळू तोडतात. ताकदीचं इंजेक्शन द्या लागते, जीवनसत्त्वाचं, नाही तं आठवण जाते." मग हळूच म्हणाली, "माझा बा असाच गेला. आमी समजलो भूत लागलं. भगताकडं नेला. तुमी निदान इथं तं आणला."

मग तिनं विचारलं, सुरुवात कशी झाली. मी वासावरच्या पव्व्याचं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"दारूनं विष उतरत नाही, मावशी. उलट बिघडते. कोणी सांगतलं हे?"

"वकीलसाहेबानं."

"थे डाक्टर हायत?"

मला हसू आलं. त्या वॉर्डात, नामदेवच्या पायाशी बसून, मी हसले, आणि हसता हसता ते रडणं कधी झालं ते कळलं नाही. पाच-सात वर्षं. फवारणीच्या दर सकाळी ओट्यावर मांडलेलं. औषधाच्या बाटलीवर निदान कवटी छापलेली असायची.

सिस्टर म्हणाली, सगळ्यांनाच असं होत नाही. कोणी चार वर्षं पिऊन सोडतं, कोणाची सुटत नाही. घरात आधी कोणी प्यायचं का? त्याचा बाप. पोराबाळाचं दुःख? एक पोरगा तापानं गेला होता, शालूच्या आधीचा. पाठ दुखते? वीस लिटरचा पंप, दिवसभर. ती मोजत नव्हती, फक्त ऐकत होती. माझ्यापुढं मात्र एकेक गोष्ट येऊन उभी राहिली. मी आजवर एकच कारण धरून बसले होते, की नवरा वाईट. तेवढं धरलं की दुसऱ्या कोणाकडं बोट दाखवावं लागत नव्हतं.

नऊ दिवसांनी आम्ही घरी आलो. गोळ्या होत्या, पंधरा दिवसांनी एक चक्कर होती. तिथं त्याच्याशी वेगळं बोलत, माझ्याशी वेगळं. त्याची आठवण अधूनमधून कोरी व्हायची. कोंडल्याचं त्याला आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही. एकदा फक्त गोदामावरून जाताना त्यानं माझ्या दंडाला धरलं आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं नेलं.

पाच महिने त्यानं थेंबही घेतला नाही. पाच महिने! मृगाच्या तोंडावर वकीलीणबाईंचा निरोप आला. परत कार्यक्रम, आता जोडीनं या. मी गेले. तुम्ही म्हणाल, परत? हो, परत. मला वाटलं, सिस्टरनं सांगितलेलं चार बायांना सांगीन. नामदेव म्हणाला, "मी नाही येत." मी म्हणाले, "चाला वो, काही खात नाही तुमाले कोणी." त्याला पांढरा सदरा घातला. केस चापून बसवले.

स्टेजवर नेल्यावर बाई माइकवर म्हणाल्या, "हा बघा तो नामदेव. आता माणसात आलाय. नामदेव, कान धरा, आणि सगळ्यांसमोर शपथ घ्या की पुन्हा दारूला शिवणार नाही."

पन्नाशीचा माणूस. त्यानं हात वर केले. हात अजून थोडे थरथरायचे, डॉक्टर म्हणाले होते वेळ लागेल. कानापर्यंत जाता जाता ते हलले. खुर्च्यांतून कोणीतरी म्हणालं, "आजही घेऊन आला वाटतं." हशा झाला. सतरंजीवरच्या आमच्या बायाही हसल्या. पहिल्या रांगेत वकीलसाहेब, तेही हसले.

नामदेव कान धरून उभा राहिला. माझ्याकडं पाहत.

मी उठले. त्याचे दोन्ही हात धरून खाली आणले. माइक मला नीट धरता आला नाही, खरखर झाली. मी म्हणाले, "याच्या कानाले हात लागणार नाही. हा चोर नाही, दुखणाईत हाये. मी याले कोंडलं, तुमी मले शाल देली, हा मरता मरता वाचला. कान धरायचे तं मी धरते, मीनं कोंडलं. अन् पहिल्या रांगेतल्यानं धरावं, ज्याच्या ओट्यावरून पव्वा आला. बाई, तुमच्या घरचं काय म्हणतात हो ते संध्याकाळचं? बसणं? त्याचे कान कोण धरते?"

बाईंनी माइक परत ओढून घेतला. बाई म्हणाल्या, "अगं, तुमच्याच भल्यासाठी हे सगळं."

"आमचं भलं आमाले इचारून करा," मी म्हणाले. आणि आम्ही उतरलो.

दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं. केली. वस्तीत दिराच्या पडवीत आलो.

नामदेव त्यानंतर सहा वर्षं जगला. आठव्या महिन्यात परत प्यायला. मी कुलूप शोधलं नाही, ओरडले नाही, त्याला बसमध्ये घालून त्याच दिवशी यवतमाळला नेलं. सिस्टर म्हणाली, परत येणं हाही दुखण्याचाच भाग, लाजू नका, परत सुरू करू. दीड वर्ष बरा. परत घसरला. परत नेलं. शेवटी लिव्हरनं धोका दिला, पोटात पाणी झालं. औषध हरलं, असं मी म्हणत नाही. आम्ही उशिरा गेलो. ओट्यावरच्या त्या ओळीतून उठायलाच आम्हाला उशीर झाला.

आता मी म्हातारी आहे, गुडघे वाजतात, पण काम सोडलं नाही. वस्तीतली बाई येते, म्हणते, आजी, नवऱ्याला कोंडू का? डाळीत दारू सोडवायची पूड मिसळू का, त्याला न सांगता? मी आधी माझी गोष्ट सांगते. मग म्हणते, त्याला घेऊन ये, त्याच्याशी बोलायचं आहे, तुझ्याशी नंतर. आणि मालकांसाठी आमच्या वस्तीचा एक नियम आहे. जो फवारणीवाल्याला पव्वा दाखवील, त्याच्या वावरात आमचा एकही पंप जाणार नाही, एकही बाई वेचणीला जाणार नाही. बोंडअळी खाऊन टाको सगळी कपाशी. तो नियम मी असेपर्यंत मोडणार नाही, आणि मी गेल्यावर तो मोडणाऱ्याची माझ्या नातीशी गाठ आहे.

पण त्या दुसऱ्या कार्यक्रमाच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. हॉलमधून उतरून आम्ही स्टँडवर आलो. बसला वेळ होता. मी फुलून गेले होते, माझंच भाषण मला परत परत सांगत होते, कसं बोलले, बाईचं तोंड कसं झालं. नामदेव बाकावर बसून आपल्या हातांकडं पाहत होता. माझं सांगून संपलं, तेव्हा तो म्हणाला,

"बोलली थे बरं केलं. पण एक खेप मले तं इचारायचं. मी बी होतो ना तिथं."